आकाशातील अनोळखी प्रकाश : लष्करी तपास आणि निरीक्षणाची नोंद

प्रास्ताविक

खेड तालुक्यातील महाळुंगे (इंगळे) आणि चाकण औद्योगिक वसाहतीचा परिसर येथील रात्रीचे आकाश आता पूर्वीसारखे काळोखे राहिलेले नाही. कारखान्यांच्या आवारातील उंच दिवे, तळेगाव-चाकण रस्त्यावरील वाहनांचा झगमगाट, लग्नसराईत मंगल कार्यालयांवरून ढगांवर फिरणारे प्रकाशझोत, लोहगावला उतरणारी प्रवासी विमाने आणि त्याच धावपट्टीवरून झेपावणारी हवाई दलाची लढाऊ विमाने असे या आकाशाचे नित्याचे रूप आहे. इतक्या दिव्यांच्या गर्दीत आणखी एखाद्या दिव्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, अशी अपेक्षा कोणी करील. परंतु तसे घडत नाही. २०२४च्या जून-जुलै महिन्यांत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, त्याचप्रमाणे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर), बीड आणि जालना या जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. ड्रोनमधून घरांची टेहळणी करून चोऱ्या होतात, अशी समजूत पसरली. गावोगावी तरुणांनी रात्रीची गस्त सुरू केली आणि पोलिसांना शोध व अफवा-निवारण ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागली.

त्या तक्रारींतील किती दिवे खरोखर ड्रोनचे होते, किती विमानांचे आणि किती ताऱ्यांचे, हा प्रश्न पोलिसी असला तरी तो सोडविण्याची पद्धत पोलिसी नाही. आकाशातील अनोळखी प्रकाशांचा तपास गेली सुमारे आठ दशके प्रामुख्याने लष्करांनी केलेला आहे आणि त्या तपासाच्या यशापयशातून एक कार्यपद्धती हळूहळू आकारास आली आहे. प्रस्तुत लेखात भारतीय लष्कराने लडाखमध्ये केलेला तपास आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात २०२२ मध्ये घडलेली घटना या दोन उदाहरणांच्या आधारे या पद्धतीचे विवेचन केले आहे. परग्रहावरील जीवसृष्टीचा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही. तो महत्त्वाचा नाही असे नव्हे. तपासाच्या टेबलावर तो प्रत्यक्षात फार क्वचित येतो, एवढेच.

लष्कराला पडणारा प्रश्न

आकाशात दिवा दिसला की सामान्य माणूस विचारतो, 'हे काय आहे?' लष्कर विचारते, 'हे शत्रूचे आहे काय?' हे दोन प्रश्न वरकरणी सारखे दिसले तरी त्यांच्या उत्तरांचा शेवट निराळ्या ठिकाणी होतो. पहिल्या प्रश्नाचे समाधान वस्तूची ओळख पटल्यावरच होते. दुसऱ्या प्रश्नाचे समाधान धोका नाही एवढे कळले की होते आणि मग कागद दप्तरात जातो. लष्करी अहवालांत 'अज्ञात' हा शेरा विपुल आढळतो त्याचे एक कारण हे आहे. त्या शेऱ्याचा अर्थ पुष्कळदा 'पुढे तपास करण्याची गरज वाटली नाही' इतकाच असतो. वाचक मात्र त्यात 'अगम्य' असा अर्थ भरतो.

अमेरिकेच्या हवाई दलाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, सोव्हिएत संघाच्या नव्या शस्त्रांची भीती असताना, तेथे अशा घटनांच्या नोंदी घेण्यास आरंभ झाला. १९५२ पासून 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने चाललेले हे काम १९६९च्या डिसेंबरमध्ये बंद करण्यात आले. या प्रकल्पाच्या दप्तरी १२,६१८ प्रकरणे जमा झाली; त्यांपैकी ७०१ प्रकरणांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. उरलेल्यांत ग्रह-तारे, उल्का, विमाने, हवामानखात्याचे फुगे आणि पक्षी यांचा भरणा होता. या प्रकल्पाचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक हे प्रारंभी अशा वृत्तांतांबद्दल साशंक होते, पुढे ते हवाई दलाच्या तपासाच्या उथळपणाचेच टीकाकार बनले. त्यांची मूळ तक्रार प्रस्तुत लेखकास आजही रास्त वाटते. प्रकरण लवकर मिटविण्याची घाई झाली की चुकीचे स्पष्टीकरणही स्वीकारले जाते आणि एक चुकीचे स्पष्टीकरण उघडकीस आले की दहा बरोबर स्पष्टीकरणांवरचा विश्वास उडतो.

आज हे काम अमेरिकेच्या संरक्षण खात्यात २०२२ मध्ये स्थापन झालेल्या एका स्वतंत्र कार्यालयाकडे आहे. त्याच्या नोव्हेंबर २०२४च्या अहवालानुसार मे २०२३ ते जून २०२४ या कालखंडात ७५७ नवीन वृत्तांत दाखल झाले आणि त्यांपैकी २१ प्रकरणे अधिक अभ्यासास पात्र ठरली. याउलट फ्रान्सने १९७७ पासून हे काम आपल्या अंतराळ संस्थेकडे, म्हणजे नागरी हाती, ठेवले आहे. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने तर २००९ मध्ये आपला यासंबंधीचा विभागच बंद केला. इतक्या वर्षांत कोणत्याही वृत्तांतातून देशाला धोका असल्याचे दिसले नाही, हे त्यामागचे कारण होते. 'काय आहे' हा प्रश्न ब्रिटनच्या लष्कराने आपला मानलाच नाही.

पॅंगाँगचे दिवे : २०१२-१३

भारतात या विषयाला खरे लष्करी गांभीर्य प्राप्त झाले ते लडाखमध्ये. २०१२च्या ऑगस्टपासून पॅंगाँग सरोवराच्या परिसरातील भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या व भूसेनेच्या चौक्यांकडून पिवळसर तेजस्वी गोलकांचे वृत्तांत येऊ लागले. हे गोलक चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, काही तास सावकाश आकाश आक्रमत आणि मग दिसेनासे होत. लेह येथील चौदाव्या कोअरने ही माहिती दिल्लीस कळविली. त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सप्टेंबरमध्ये सरोवराजवळच्या एका उंच ठिकाणी फिरते रडार आणि रेडिओलहरींचा माग घेणारे स्पेक्ट्रम ॲनालायझर हे यंत्र नेण्यात आले. रडारवर काहीही उमटले नाही. दुसऱ्या यंत्रालाही कोणताच संदेश सापडला नाही. वैमानिकरहित टेहळणी विमान त्या दिव्याच्या दिशेने पाठविले गेले; ते त्याच्या कमाल उंचीपर्यंत पोहोचले, पण दिवा काही जवळ आला नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना यांनाही तपासात सहभागी करून घेण्यात आले होते. संसदेत प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा सीमेवर अज्ञात उडत्या वस्तू असल्याचा निर्णायक पुरावा नाही, असे उत्तर संरक्षणमंत्र्यांनी दिले.

फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ नोंदींत वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आपल्या हद्दीत आल्याचे नमूद होते. हा आकडा वाचताना काळ लक्षात घ्यावा लागतो. एप्रिल २०१३ मध्ये याच लडाखच्या देपसांग भागात चिनी तुकडीने तंबू ठोकले आणि सुमारे तीन आठवडे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. अशा वातावरणात हवाई हद्दीच्या १५५ उल्लंघनांची यादी दप्तरात असणे ही साधी बाब नव्हे. एखाद्या अधिकाऱ्याने त्या यादीच्या आधारे गोळीबाराची परवानगी मागितली असती, किंवा ती यादी निषेधखलित्याला जोडली गेली असती, तर काय झाले असते याची कल्पना करता येते.

बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा आहे. लष्कराने या संस्थेकडे विचारणा केली. वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरच्या, एवढे ठरविणे हे आपले काम होते, असे संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी नंतर सांगितले. जुलै २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सायंकाळी क्षितिजावर येणारा दिवा म्हणजे गुरू आणि पहाटेचा दिवा म्हणजे शुक्र.

ही बातमी देशोदेशी विनोदाचा विषय झाली. तो विनोद अन्यायाचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पॅंगाँगच्या उंचीवर हवा विरळ आणि कोरडी असते. धूळ जवळजवळ नसते. मैदानी प्रदेशात क्षितिजाजवळचा ग्रह धुरकट हवेत मंदावलेला दिसतो, तोच तेथे पर्वताच्या कडेवरून वर येताच पूर्ण तेजाने प्रकटतो. शुक्र तर चंद्र नसलेल्या काळोख्या रात्री सावली पाडण्याइतका तेजस्वी असतो. शिवाय एकट्या दिव्याकडे, आजूबाजूला संदर्भ नसताना, बराच वेळ टक लावून पाहिले की तो हलत असल्याचा भास होतो. हा दृष्टीचा ज्ञात गुणधर्म आहे आणि पहाऱ्यावरील शिपायाचे कामच टक लावून पाहणे हे आहे. याच काळात सीमेवर टेहळणीसाठी वैमानिकरहित विमानांचा वापरही वाढत होता. शिपायाने नोंद केली, हे त्याने योग्यच केले. उणीव राहिली ती नोंद वाचण्याच्या टप्प्यावर.

रडारचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. प्रतिध्वनी न मिळाल्याने वस्तू धातूची नसावी, असा तर्क त्या वेळी मांडला गेला. वस्तुतः प्रतिध्वनीचा अभाव, रेडिओसंदेशाचा अभाव आणि पाठविलेले विमान कितीही उंच गेले तरी दिवा तितकाच दूर राहणे, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवीत होत्या. वस्तू जवळ नव्हतीच. नकारात्मक उत्तराला यंत्राचे अपयश मानण्याची सवय आपल्या प्रयोगशाळांतही आढळते. विद्यार्थ्याचे वाचन शून्य आले की तो उपकरणाला दोष देतो.

घड्याळ आणि पंचांग

गुरू-शुक्राचा निष्कर्ष दुर्बिणीवाचूनही काढता आला असता. त्यासाठी केवळ नोंदवह्यांतील वेळा एकापुढे एक मांडायला हव्या होत्या.

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे कोणताही तारा दररोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्याला हा फरक दोन तासांचा होतो. गुरूची स्वतःची गती अल्प असल्याने त्यालाही स्थूलमानाने हाच नियम लागू पडतो. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत होता. त्या सुमारास तो सूर्यास्ताबरोबर उगवत होता. त्याआधी चार महिने मागे गेले, की चार गुणिले दोन, म्हणजे आठ तास मिळवावे लागतात. ऑगस्टच्या आरंभी तो मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास उगवत होता. नोंदी सुरू झाल्या त्या ऑगस्टमध्ये. जो दिवा महिन्यामागून महिना दररोज चार मिनिटांच्या शिस्तीने लवकर येतो, त्याचा चालक कोणत्याही देशाच्या सेनेत नोकरीला नसतो.

शुक्राचे गणितही असेच जुळते. ६ जून २०१२ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून गेला, ते अधिक्रमण अनेकांना आठवत असेल. त्यानंतर तो पहाटेच्या आकाशात आला, ऑगस्टच्या मध्यास सूर्यापासून जास्तीत जास्त दूर गेला आणि २८ मार्च २०१३च्या बहिर्युतीकडे जाताना फेब्रुवारीत सूर्याच्या प्रभेत लोपला. गुरू फेब्रुवारीत दिसत होता, परंतु तो तिन्हीसांजेलाच आकाशात उंच चढलेला असे. चीनच्या बाजूच्या डोंगरामागून उगवताना तो काळोखात दिसण्याचा प्रश्नच उरला नाही. नोंदींची मालिका फेब्रुवारीत थांबली, यात आश्चर्य नाही.

'हद्द ओलांडण्या'चेही कोडे येथेच सुटते. चौकीवरून चीनची बाजू पूर्वेस आहे. सर्व ग्रह पूर्वेस उगवतात आणि तासाला पंधरा अंश या गतीने पश्चिमेकडे सरकतात. म्हणजे पूर्वेकडील डोंगरामागून उगवलेला प्रत्येक ग्रह दररोज रात्री चीनकडून भारताकडे 'येतो'. हे उल्लंघन सृष्टीच्या आरंभापासून चालू आहे.

गुरू आणि शुक्र हे मराठी घराला अपरिचित ग्रह नव्हेत. विवाहाचे मुहूर्त काढताना गुरूचा व शुक्राचा अस्त वर्ज्य मानण्याची रूढी आहे आणि त्यामुळेच आपल्या पंचांगांत या दोन ग्रहांच्या उदयास्ताच्या तारखा आवर्जून छापलेल्या असतात. मुहूर्तावर विश्वास असो वा नसो, त्या तारखा गणिताने काढलेल्या असतात. सीमेवरील चौकीत असे एखादे पंचांग असते तर बराच श्रम वाचला असता.

प्रकाश अंतर सांगत नाही

या सर्व प्रकरणांच्या मुळाशी एक भौतिक मर्यादा आहे. एकाच ठिकाणाहून पाहिलेला प्रकाशबिंदू आपले अंतर सांगत नाही. अंतर कळल्याशिवाय आकार कळत नाही, वेग कळत नाही आणि उंचीही कळत नाही. दोनशे मीटरवरचा ड्रोनचा दिवा, दहा किलोमीटरवरचे विमान, तीस किलोमीटर उंचीवरचा फुगा आणि साठ कोटी किलोमीटरवरचा गुरू हे डोळ्याला सारख्याच तेजाचे बिंदू म्हणून दिसू शकतात. तेव्हा साक्षीदार जेव्हा 'दोन हजार फुटांवर, प्रचंड वेगाने' असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. परंतु त्याने प्रथम अंतर गृहीत धरलेले असते आणि वेग त्यातून निघालेला असतो. तपासणाऱ्याने त्याला उंची विचारू नये, क्षितिजापासूनचे अंश विचारावेत. हात ताठ धरून मूठ आकाशासमोर ठेवली की तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते. 'दोन मुठी वर, वायव्येस, आठ वाजून बारा मिनिटांनी' हे विधान कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक मोलाचे आहे.

ध्वनी मात्र अंतराचा थोडा सुगावा देतो. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने पुढे खुल्या केलेल्या कागदपत्रांत एप्रिल १९६८चा एक वृत्तांत आहे. त्यात त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि लडाख येथे दिसलेल्या तेजस्वी वस्तूंची जंत्री दिलेली आहे. लडाखमधील फुक्चे व कोयुल परिसरातील नोंदीत प्रकाशाबरोबर स्फोटासारखे आवाज ऐकू आल्याचा उल्लेख आहे; नेपाळात पोखऱ्याजवळ तर धातूची तबकडीसारखी वस्तू जमिनीवर सापडल्याचे म्हटले आहे. २०१२च्या दिव्यांत आवाज नव्हता आणि खाली काही पडलेही नव्हते. ज्या प्रकाशामागून आवाज येतो आणि धातू पडतो तो प्रकाश वातावरणातीलच असला पाहिजे. याच जातीची घटना ५४ वर्षांनंतर विदर्भात घडली.

लाडबोरीचे कडे : २ एप्रिल २०२२

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाड्याचा काही भाग आणि लगतचा मध्य प्रदेश येथील लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशाच्या अनेक समांतर रेषा पाहिल्या. सण असल्याने माणसे घराबाहेर होती; भ्रमणध्वनीवर टिपलेली चित्रे काही मिनिटांत सर्वदूर पोहोचली. कोणी उल्कापात म्हटले, कोणी विमान कोसळले म्हटले, कोणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. पुढे पवनपारसह परिसरातील आणखी काही ठिकाणी धातूचे पोकळ गोळे सापडले. कोणालाही इजा झाली नाही, हे दैव.

प्रथम संशय त्याच दिवशी न्यूझीलंडहून सोडलेल्या एका खाजगी कंपनीच्या अग्निबाणावर गेला. दिवस जुळत होता म्हणून कारण जुळले, असा तो तर्क होता. परंतु कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांचा माग ठेवणारे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग पडताळून हा चीनच्या 'चांग झेंग ३ बी' या अग्निबाणाचा, वाय-७७ या क्रमांकाचा, तिसरा टप्पा असावा असे सांगितले. हा अग्निबाण ४ फेब्रुवारी २०२१ रोजी शीचांग येथून सोडण्यात आला होता. उपग्रहाला उंच कक्षेकडे ढकलून दिल्यावर रिकामा टप्पा एका लांबट कक्षेत फिरत राहिला. प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या जवळच्या बिंदूपाशी विरळ हवेचे घर्षण होऊन ती कक्षा आक्रसत गेली आणि चौदा महिन्यांनी तो पाडव्याच्या सायंकाळी महाराष्ट्राच्या माथ्यावर पेटला. गोळे म्हणजे दाबाखालील वायू साठविण्याच्या टाक्या. जाड, गोल आणि उष्णता सहन करणाऱ्या असल्याने त्या बहुधा शिल्लक राहतात. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही असेच गोळे पडले.

उल्का आणि अग्निबाणाचे अवशेष यांतील फरक साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांतच संपते. कक्षेतून उतरणारा अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ क्षितिजसमांतर येतो. त्याला आकाश पार करण्यास मिनिटभर किंवा अधिक वेळ लागतो आणि तुटलेले तुकडे एकाच रांगेत मागोमाग धावताना दिसतात. पाडव्याच्या चित्रफितींचा कालावधी पाहूनच उल्केची शक्यता बाजूला ठेवता आली असती. ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू सुमारे हजार किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशातून क्षितिजावर दिसू शकते. त्यामुळेच प्रत्येक गावाला ती पलीकडच्या शिवारात पडली असे वाटले, तरी धातू सापडला तो विदर्भाच्या पूर्व टोकाला.

आता लडाखशी तुलना करावी. तेथे प्रशिक्षित निरीक्षक, यंत्रसामग्री आणि शिस्तबद्ध दप्तर होते, तरी ओळख पटण्यास वर्ष उलटावे लागले. येथे निरीक्षक सणासाठी बाहेर पडलेले नागरिक होते. स्थानिक पातळीवर तलाठी, तहसीलदार आणि पोलिस एवढीच यंत्रणा होती. तरी ओळख एक-दोन दिवसांत पटली. प्रत्येक चित्रफितीत वेळ आपोआप नोंदली गेली होती आणि ती चित्रे शेकडो किलोमीटर दूरच्या अनेक ठिकाणांहून उपलब्ध झाली होती. लडाखच्या नोंदी गोपनीय होत्या, एका सरोवराच्या काठच्या होत्या आणि त्यांचा अर्थ लावू शकणाऱ्यांपर्यंत त्या उशिरा पोहोचल्या. सीमेवरची गोपनीयता अनाठायी असते असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु ग्रहाची वेळ गोपनीय ठेवून कोणाचे रक्षण होते, हा प्रश्न विचारला पाहिजे.

लाडबोरीचे अवशेष पोलिसांनी ताब्यात घेतले आणि भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यांची पाहणी केली. या ठिकाणी प्रश्न विज्ञानाकडून कायद्याकडे वळतो. १९६८च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सापडलेल्या अंतराळ-वस्तूची माहिती संबंधितांना देणे बंधनकारक आहे, तर १९७२च्या दायित्व करारानुसार भूपृष्ठावरील हानीची भरपाई वस्तू सोडणाऱ्या राष्ट्राने करावयाची असते. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुशक्तीवर चालणारा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलरची मागणी केली आणि अखेर तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. लाडबोरीत एखाद्या घरावर ते कडे पडले असते तर ओळख पटविणे हा जिज्ञासेचा नव्हे, नुकसानभरपाईचा विषय झाला असता. जुलै २०२२ मध्ये इस्रोने बंगळूर येथे अंतराळातील अशा वस्तूंचा माग ठेवणारे स्वतंत्र केंद्र सुरू केले. अर्थात अवशेष नेमके कोठे पडतील हे आधी सांगणे कठीणच आहे. वेळेच्या अंदाजात एका मिनिटाची चूक झाली तरी ठिकाण साडेचारशे किलोमीटरने सरकते.

महाराष्ट्राच्या आकाशातील आणखी एका पाहुण्याचा उल्लेख केला पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथे वैज्ञानिक फुगे सोडण्याचे केंद्र आहे. पातळ प्लास्टिकचे, पन्नास ते ऐंशी मीटर व्यासाचे हे फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंची गाठतात आणि वाऱ्याबरोबर सोलापूर, लातूर, नांदेडपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत कोठेही येऊ शकतात. संस्था त्याबाबत जाहीर सूचनाही देते. जमिनीवर सूर्यास्त झाल्यानंतरही त्या उंचीवर ऊन असते. त्यामुळे काळोखत्या आकाशात स्थिर, पांढरी, चकचकीत तबकडी दिसते. 'उडती तबकडी' हा शब्द ज्याने ऐकला आहे, त्याने दुसरे काय म्हणावे?

ड्रोनच्या काळातील तपास

येथवरच्या विवेचनावरून असे सर्व दिवे निरुपद्रवी असतात असा ग्रह होऊ नये. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी इंफाळ विमानतळावरून अज्ञात वस्तू दिसल्याने विमानांची ये-जा थांबविण्यात आली. हवाई दलाने शोधासाठी राफेल विमाने धाडली, पण वस्तू पुन्हा दिसली नाही. मे २०२५च्या भारत-पाक संघर्षात तर एका रात्रीत शेकडो ड्रोन पश्चिम सीमेवर आले. ज्या आकाशात खरे ड्रोन येतात, त्या आकाशात शुक्राला ड्रोन समजणे अधिक महाग पडते. पहारेकरी खोट्या इशाऱ्यांनी थकतो आणि खऱ्या इशाऱ्याकडे त्याचे दुर्लक्ष होऊ लागते.

रडारकडून येथे पूर्ण उत्तराची अपेक्षा करता येत नाही. पक्षी, पाऊस आणि रस्त्यावरील वाहने पडद्यावर येऊ नयेत म्हणून रडारमध्ये लहान व मंद वस्तू गाळून टाकण्याची योजना असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून गेलेला चिनी फुगा पाडल्यानंतर तेथील हवाई संरक्षण विभागाने ही गाळणी सैल केली आणि लागलीच आठवडाभरात आणखी तीन वस्तू आढळल्या व पाडल्या गेल्या. आकाश बदलले नव्हते. चाळणीची भोके बदलली होती. चाकण-खेडच्या शिवारावरून उडणारा दोन किलोचा ड्रोन तर अशा चाळणीतून सहज निसटतो.

मग आपल्या परिसरात उपाय काय? दोन निरीक्षक. समजा, चाकणला एखादा फुगा पस्तीस किलोमीटर उंचीवर नेमका डोक्यावर दिसत आहे. सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या नारायणगावहून तोच फुगा त्याच क्षणी क्षितिजापासून एक्केचाळीस अंशांवर दिसेल, कारण पस्तीस भागिले चाळीस याचा स्पर्शज्या-कोन तेवढा येतो. दिवा गुरूचा असेल तर दोन्ही ठिकाणी तो व्यवहारतः एकाच दिशेस व एकाच उंचीवर दिसेल. आणि दिवा १२० मीटर उंचीवरील ड्रोनचा असेल, तर महाळुंग्याहून एक किलोमीटरवर तो सात अंशांवर दिसेल. नारायणगावला तो दिसणारच नाही. तिन्ही निरीक्षणांसाठी घड्याळ, होकायंत्र आणि कोनमापक एवढीच साधने लागतात, ती कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात आहेत. २०२४च्या त्या दोन महिन्यांत गस्तीवरील तरुणांच्या हाती काठ्या आणि विजेऱ्या होत्या. वेळ आणि अंश लिहून घेणारी एक वही प्रत्येक गावात असती, तर कोणत्या रात्रीचे कोणते दिवे ड्रोनचे होते हे पोलिसांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांगता आले असते.